'नको' म्हणायला जागा ठेवून बोलवायचं कसं?

शेंगापोळी (जुळे सोलापूर), 27 जानेवारी, रात्री 10:15

नमस्कार मंडळी. हे लिहावं की नाही यात कालची रात्र आणि आजचा दिवस गेला. शेवटी लिहितेच.

माझ्या भावाचं शेत मंगळवेढ्याच्या बाजूला आहे. काळी जमीन, सगळी मालदांडी ज्वारी, आणि बांधाच्या कडेला चार तासं गूळभेंडी ज्वारी, खास हुरड्यासाठी पेरलेली. शाळेपासूनच्या आम्ही नऊ जणी गेली सहा वर्षं जानेवारीत तिथं जमतो. हुरड्याचं तुम्हाला ठाऊक आहे. कणीस दुधात भरलं की थोडेच दिवस मिळतात, मग दाणा निबर होतो. 'पुढच्या महिन्यात बघू' असं हुरड्याला म्हणता येत नाही. माझ्या घाईला हे निमित्त पुरलं, म्हणून आधीच सांगते.

आमच्यातली एक जण तीन वर्षं येत नव्हती. दरवेळी 'बघू गं', 'जमवते', 'आत्ताच नक्की सांगत नाही'. यंदा मी ठरवलं, हिला आणायचंच. ग्रुपवर लिहिलं, 'यंदा आली नाहीस तर कायमची कट्टी.' बाकीच्यांनी री ओढली. कुणी शाळेतले फोटो टाकले, कुणी तिच्या नावाची आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा जाळ, वेगळी पेटवू म्हणालं. ती नुसते हसरे चेहरे टाकत राहिली. काल रविवारी सकाळी सातला, न कळवता, मी गाडी घेऊन होटगी रोडला तिच्या दारात उभी राहिले. दार उघडल्यावर तिचा चेहरा उतरलेला मला दिसला होता. दिसूनही मी "चल चल, आवर" म्हणाले.

शेतात ती आगटीपासून लांब, चिंचेखाली बसून होती. आम्ही कणसं भाजत होतो, चोळून गरम दाणे सुपात टाकत होतो. शेंगाचटणी, गूळ, दही सगळं मांडलेलं. मी तीनदा तिच्या हातात वाटी दिली. साडेअकराला ती म्हणाली, मला एसटीला सोड. वाटेत एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी ती ग्रुपमधून बाहेर पडली आणि मला एकटीला मेसेज आला: 'तीन वर्षं मी नकोच म्हणत होते. तुला ऐकू आलं नाही.'

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडं बोलावणं आणि आग्रह हे मायेचंच एक रूप आहे. ते न सोडता समोरच्याला मोकळेपणानं नाही म्हणता येईल, असं बोलवायचं कसं? आणि आता मी तिच्यासाठी काय करू? तिचं कारण मला माहीत नाही. कृपया कुणी अंदाज बांधू नका.

कडक भाकरी (अक्कलकोट रोड), 27 जानेवारी, रात्री 11:02

ताई, झालं ते वाईट झालं. पण सगळा दोष आग्रहावर टाकू नका.

माझे वडील कुणाकडंही गेले की पहिल्यांदा विचारल्यावर "आत्ताच जेवून आलोय" म्हणायचे, सकाळपासून पोटात काही नसलं तरी. दुसऱ्यांदा विचारलं की "कशाला तसदी". तिसऱ्यांदा ताट मांडलं की बसायचे. पहिल्याच 'नको'ला गप्प बसणाऱ्याच्या घरी ते परत गेले नाहीत. "तोंडदेखलं विचारलं" म्हणायचे. लहानपणी मला हे नाटक वाटायचं. मोठेपणी उलगडा झाला. आपला भाग दुष्काळी. समोरच्याच्या डब्यात पीठ किती शिल्लक आहे ते पाहुण्याला माहीत नसायचं. म्हणून पहिला नकार पाहुण्यानं द्यायचा. घरात असलं तर यजमान तो मोडणार, नसलं तर "बरं, चहा तरी घ्या" म्हणणार. दोघांची अब्रू राहायची. या रीतीत मोठं शहाणपण आहे. माझ्या मामांना मी एकदाच विचारून थांबलो तर ते वर्षभर बोलायचे नाहीत.

मला विचाराल तर उद्या चार शेंगापोळ्या डब्यात घाला आणि तिच्या दारात जा. गळ्यात पडा. मैत्रिणी आहात, मिटेल.

सात रस्ता, 28 जानेवारी, सकाळी 7:40

दादा, दारात नको. परवाही तेच झालं होतं ना?

तुमच्या वडिलांची गोष्ट मनाला लागली, आणि ती खरी आहे. पण ती रीत ताटाची आहे. ताटावर बसणारा आधी दारातून आत आलेला असतो. ज्याला घराबाहेर पडायचंच नाही, त्याचं काय?

मी 'बघू' म्हणणाऱ्यांपैकी आहे, म्हणून त्या बाजूनं लिहिते. माझी आई पाच वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे. सुरुवातीला मी प्रत्येक बोलावण्याला खरं कारण सांगायचे. कारण सांगितलं की लोक ते सोडवायला बसतात. आईजवळ कोण थांबणार म्हटलं की "आमच्या मावशींना पाठवते". त्यांना आईचं जमणार नाही म्हटलं की "मग तासाभरासाठी ये". तासासाठी रिक्षानं इतक्या लांब कुठं यायचं म्हटलं की "गाडी पाठवते". बोलणारी माणसं चांगली असतात, मनापासून मदत करू बघतात. पण तिसऱ्या उपायानंतर माझ्या हातात नाही म्हणायला काहीच उरत नाही. आणि खरं सांगायचं तर दरवेळी आई हे कारण नसतंच. कधी आई झोपलेली असते, घर शांत असतं आणि मला त्या शांततेत नुसतं बसायचं असतं. हे कारण कुणाला चालत नाही. मग माणूस 'बघू' शिकतो. 'बघू' म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही, निदान त्या दिवशी.

म्हणून 'का?' विचारू नका. एवढं केलं तरी आमच्यासारख्यांवरचं निम्मं ओझं उतरतं.

पार्क चौक, 28 जानेवारी, सकाळी 9:15

(प्रतिसाद काढला आहे.)

मी इथं एक अंदाज लिहिला होता. तसा हेतू नव्हता, पण ताईंनी स्पष्ट नको म्हटलेलं असताना लिहिला. एका सभासदानं वेगळा निरोप पाठवून लक्षात आणून दिलं. ज्यांनी वाचला त्यांनी कृपया सोडून द्यावा. माफी असावी.

जुना फळा (रेल्वे लाईन्स), 28 जानेवारी, दुपारी 12:30

पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं, म्हणून थोडं विषयांतर वाटेल ते लिहितो. नंतर मूळ मुद्द्यावर येतो.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायात विधिलिङ् कोणकोणत्या अर्थी वापरावा हे सांगणारं सूत्र आहे. मराठीत आपण 'यावे', 'जेवावे' म्हणतो, तसा अर्थ संस्कृतात दाखवणारं क्रियापदाचं रूप म्हणजे हा विधिलिङ्. त्या सूत्रात निमंत्रण आणि आमंत्रण हे दोन शब्द शेजारी शेजारी, पण निरनिराळे म्हणून दिले आहेत. भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत फरक उलगडला आहे. निमंत्रण म्हणजे नियोग, तिथं यावंच लागतं. उदाहरण दिलं आहे श्राद्धाच्या भोजनाला बोलावलेल्या दौहित्राचं, म्हणजे मुलीच्या मुलाचं. आमंत्रण म्हणजे 'कामचारानुज्ञा'. कामचार म्हणजे आपल्या मनाप्रमाणं वागणं, आणि त्याची अनुज्ञा म्हणजे आमंत्रण. वाटलं तर या, नाहीतर नका येऊ.

मुलांना हे शिकवताना मी नेहमी थांबायचो. बोलावण्याच्या व्याख्येतच समोरच्याची मोकळीक घातलेली आहे. ती नसेल तर तो शब्दच वेगळा. मराठीत आपण दोन्ही शब्द एक करून टाकले आणि लग्नपत्रिकेवर 'आग्रहाचे निमंत्रण' छापू लागलो.

माझ्या लहानपणी आमच्या गावात आवतण दोन तऱ्हेचं असायचं, घरटी एक माणूस किंवा चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं. आवतण सांगणारा दारातूनच सांगायचा आणि पुढच्या घरी जायचा. उत्तरासाठी थांबत नसे. पंगतीला बसलात म्हणजे आलात. आज आपण मेसेज टाकतो आणि निळ्या खुणा झाल्या का ते बघत बसतो.

ताई, तुम्ही मैत्रिणीला आमंत्रण द्यायला निघालात आणि निमंत्रण दिलंत, असं मला वाटतं.

नवी पेठ, 28 जानेवारी, दुपारी 4:05

मला उलट्या बाजूनं बोलायचं आहे. ताई, या प्रसंगानं घाबरून तिला बोलावणंच बंद करू नका.

माझे पती जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला गल्लीतल्या एकाही मैत्रिणीनं मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. वीस वर्षं ज्यांच्या घरी वाण लुटायला गेले, त्याच या. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका दिसत होत्या. पुढं एकीनं सांगितलं, "तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलावलं." मला काय वाटेल ते त्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं होतं. बळजबरीनं नेणं आणि काळजीपोटी वगळणं, दोन्हींत विचारायचंच राहून जातं.

2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नंतर शासनानंही इतर ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ती बातमी मी कापून ठेवली आहे. पण ठराव गावाचा असतो आणि बोलावणं शेजारणीनंच करावं लागतं. गेल्या वर्षी तिसऱ्या घरातली एक जण आली. दारातच म्हणाली, "शुक्रवारी पाच ते सात आहे. वाण आणि तिळगूळ सगळ्यांना सारखं. कुंकू लावून घ्यायचं का नाही ते तू सांग, मी आपणहून हात पुढं करणार नाही. यायचं का नाही तेही तूच ठरव." एवढं बोलून गेली. मी गेले. कुंकू लावून घेतलं नाही, फक्त वाण घेतलं. कुणी काही विचारलं नाही. घरी येऊन खूप रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

अशोक चौक, 28 जानेवारी, सायंकाळी 6:20

आमच्या घरी तेलुगू. लग्नाचं बोलावणं म्हणजे घरी जाऊन, बायकांच्या कपाळाला बोट्टू लावून. फोनवर सांगितलं तर माझी आत्या येणारच नाही, आणि तिचं चुकत नाही. सांगायचा मुद्दा इतकाच की नातेवाइकांत मानपान असतो, तिथं आग्रह कमी पडला तर दुखावतात. दोस्तांना तोच नियम लावू नये. ताईंच्या मैत्रिणीला मान नको होता, तिला सुटका हवी होती.

कंबर तलाव, 28 जानेवारी, रात्री 9:50

मी सगळ्यात लहान असेन इथं, पण लिहितो.

दारू सोडून दोन वर्षं झाली मला. पहिले सहा महिने दोस्तांत जायचंच बंद केलतो. पिण्याची भीती नव्हती, "एकच घे बे, काय होतंय" याची होती. पहिल्यांदा हसून नको म्हणायचं, दुसऱ्यांदा गोळ्या चालू आहेत म्हणायचं, तिसऱ्यांदा सगळे गप्प होऊन माझ्याकडं बघायलेत. त्यापेक्षा घरी बरं.

मग एका दोस्तानं मला एकट्याला मेसेज टाकला: 'शनिवारी आठला गच्चीवर. पिणारे चार, न पिणारे दोघं, तू आलास तर तिघं. माणशी तीनशे. दहाला जेवण, मग ज्याला जायचंय तो जाईल. येतो किंवा नको, एवढंच सांग. का ते सांगू नको.' मी तो मेसेज अजून ठेवलाय. काय असणार, कोण असणार, किती लागणार, कधी सुटणार, सगळं आधीच कळलं. गेलो की मग.

तेव्हापासून आमच्यात ठरलंय. ग्रुपवर बोलवायचं नाही, ज्याचं त्याला बोलवायचं. ग्रुपवर एकट्याला धरून विचारलं की नको म्हणणारा सगळ्यांसमोर उघडा पडतो. ताई, रागावू नका, मला वाटतं तुमच्या मैत्रिणीला गाडीपेक्षा ग्रुप जास्त लागला असंल.

विजापूर वेस, 29 जानेवारी, सकाळी 8:10

आमच्या शेजारी जंगम कुटुंब आहे. शुद्ध शाकाहारी, आमच्या घरचं शिजवलेलं खात नाहीत. माझ्या अम्मीनं याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. दर ईदला सकाळी ती कोऱ्या पुड्यातल्या शेवया, साखर, खारीक, काजू, चारोळी असं सगळं नव्या पिशवीत भरून त्यांच्याकडं पाठवते. काकू आपल्या चुलीवर, आपल्या दुधात शीरखुर्मा करतात. संक्रांतीला त्यांच्याकडून आम्हाला धपाटे येतात. तीस वर्षं चाललंय. अम्मीला एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "वो खाते हैं ना, बस."

बाळीवेस, 29 जानेवारी, दुपारी 1:45

गड्ड्याची यात्रा नुकतीच झाली म्हणून हे आठवलं. सिद्धेश्वर महाराजांच्या सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज, आमच्या घरावरून जातात. संमती कट्ट्यावर महाराजांच्या योगदंडाच्या लग्नाच्या अक्षता पडतात तेव्हा केवढी गर्दी असते ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या लग्नाचं आमंत्रण एकालाही नसतं. पांढरी बाराबंदी घालून काठ्यांबरोबर चालणाराही वऱ्हाडी, आणि आपल्या गच्चीवरून अक्षता टाकणारी माझी आजीही वऱ्हाडी. तू कट्ट्यापर्यंत का आली नाहीस, असं तिला कुणी विचारलं नाही.

गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. कुंभाराच्या कन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, संसार त्यांचा नव्हे. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायची अनुमती दिली. आजवर मी ही भक्तीची गोष्ट म्हणून ऐकली. काल हा धागा वाचून रात्री पुन्हा आठवली, आणि पहिल्यांदाच तिच्यातला नकार दिसला. त्यांनी तिला हाकललं नाही, आणि स्वतःचं व्रतही मोडलं नाही. आणि तिनंही ते मान्य केलं. तिनं मानलं म्हणून तर आपण दरवर्षी अक्षता टाकतो. हट्ट धरणारीचं हे मोठेपण आपण फारसं बोलत नाही.

कडक भाकरी, 29 जानेवारी, रात्री 10:30

सगळं दोनदा वाचलं. शेंगापोळीचा डबा घेऊन दारात जा म्हणालो होतो, ते मागे घेतो.

वडिलांचं अजून एक आठवलं, ते सांगायचं राहिलं होतं. तीनदा नको म्हणून बसायचे हे खरं. पण पोट खरंच भरलं की ते ताटावर हात आडवा धरायचे. मग तोंडानं काही बोलत नसत. हात आडवा आला की माझी आई पळी मागे घ्यायची. कितीही मायेनं आणलेली आमटी असो, त्या हातावर ओतणार का? आग्रहाच्या रीतीत थांबायची खूणही होती, आणि ती प्रत्येक वाढणारीला माहीत होती. आपण आग्रह ठेवला आणि खूण विसरलो. फोनवर आडवा हात दिसत नाही, ही आजची अडचण आहे. ताई, तुम्हाला तर तो समोर दिसला होता, दार उघडल्यावर. तुम्हीच लिहिलंय म्हणून म्हणतो, राग नसावा.

शेंगापोळी, 30 जानेवारी, रात्री 9:00

राग कसला, दादा. तेच खरं आहे.

तुम्हा सगळ्यांचं वाचून आज तिला मेसेज पाठवला: 'रविवारी मी न विचारता दारात आले, आणि त्याआधी सगळ्यांसमोर तुला अडवलं. चूक माझी आहे. कारण सांगू नकोस. ग्रुपमध्ये यायचं की नाही ते तुझं तू बघ. याला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.' एवढंच लिहायला तास गेला. शेवटी 'पण मी मायेनंच केलं गं' असं चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. ते वाक्य ठेवलं असतं तर तिनं मला पुन्हा समजून घ्यायचं, हेही माझं मागणंच झालं असतं.

ग्रुपवरही लिहिलं की हा माझा हट्ट होता, तिला कुणी फोन करून समजावू नका. दोघींनी लगेच विचारलं, तिला झालंय तरी काय? मी म्हणाले, मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. एक जण माझ्यावर रुसली आहे. असो.

नवी पेठ ताई, तुमचं तर परत परत वाचते आहे. बोलावणं बंद करणार नाही. पण थोडे दिवस जाऊ देते.

सात रस्ता, 30 जानेवारी, रात्री 9:25

'उत्तर दिलं नाहीस तरी चालेल' हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आता खरंच वाट बघू नका. आम्हाला तेही जाणवतं.

शेंगापोळी, 20 फेब्रुवारी, रात्री 8:40

अठरा दिवस तिच्याकडून काही आलं नाही. अवघड गेले, पण मीही काही पाठवलं नाही.

सोमवारी तिला एकटीला लिहिलं: 'दर गुरुवारी पाच ते सहा मी हुतात्मा बागेत फिरायला असते. एकटीच असते, ग्रुपमधलं कुणी नाही. कधी यावंसं वाटलं तर ये. कळवायची गरज नाही.' कंबर तलावच्या दादांचा मेसेज डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. किती वाजता, किती वेळ, कोण असणार, सगळं. रात्री तिचं उत्तर आलं.

'या गुरुवारी नको.'

शाळेपासूनची ओळख आमची, तीस वर्षं होऊन गेली. 'बघू' आणि 'जमवते' मी शेकडो वेळा ऐकले. 'नको' हा शब्द तिनं मला पहिल्यांदा लिहिला. पुढं कारण नव्हतं, हसरा चेहरा नव्हता. मी 'बरं' एवढंच लिहिलं.

आज गुरुवार. पाचला बागेत गेले, दोन फेऱ्या मारल्या, सहाला घरी आले.